हलकी वेगळी, कोरडी वेगळी: पोहे, साखर आणि एन्झाइमच्या पाच बॅच (प्रकल्प नोंदी, वेंगुर्ला)

५ जानेवारी २०२५ – तयारी

उद्दिष्ट: हलकी आणि कोरडी (गोडवा न उरलेली) बिअर. ४.५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, शेवटची घनता (पाण्याची १.०००, साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.००० किंवा खाली, फिकट रंग, कडवटपणा १५ आयबीयूच्या (कडवटपणाचं एकक) आत. उकाड्यात दुपारी प्यायला लागते तशी.

आधी कायद्याचं: महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, मुंबई दारूबंदी कायदा १९४९ पासून तेच चालत आलं आहे. या सगळ्या बॅच परवाना असलेल्या जागेत काढल्या आहेत, पण भांडी घरगुती मापाची, प्रत्येक बॅच २० लिटरची.

संच: ३५ लिटरचं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, मॅशसाठी (दळलेलं धान्य गरम पाण्यात मुरवण्यासाठी) नायलॉनची पिशवी, २५ लिटरचे फर्मेंटर (आंबवायची भांडी), जुना एकदारी फ्रिज आणि त्याला तापमान नियंत्रक. हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती काचनळी) २० अंशांना जुळवलेला आहे. इथे नमुना २८ अंशांना असतो, तेव्हा दिसणाऱ्या आकड्यात साधारण २ पॉइंट (म्हणजे ०.००२) मिळवायचे. नेहमीच्या बिअरला हे दुर्लक्षून चालतं. १.००० च्या आसपास खेळायचं असेल तर चालत नाही, कारण ०.९९८ दिसलं म्हणून खूश व्हावं आणि खरा आकडा १.००० निघावा. पहिल्याच दिवशी डिस्टिल्ड पाण्यात तपासला: २८ अंशांना ०.९९८ दिसतं, म्हणजे उपकरण बरोबर आहे.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारा) फक्त उकळीपर्यंत वापरायचा. अल्कोहोल तयार झालं की तो चुकीचं वाचतो.

पाणी: जांभ्यातली विहीर. टीडीएस ६०, अल्कता जवळजवळ नाही. फिकट बिअरला याहून बरं पाणी मागून मिळत नाही, फक्त कॅल्शियम घालावं लागतं. २८ लिटरला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ४ ग्रॅम आणि जिप्सम २ ग्रॅम: कॅल्शियम ५५, क्लोराइड ६९, सल्फेट ४० पीपीएम. सल्फेट मुद्दाम कमी ठेवलं, कोरड्या बिअरमध्ये ते कडवटपणाला धार लावतं. खाडीलगतची विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये टीडीएस पुन्हा मोजायचा, तेव्हा पाणी मचूळ होतं. पाणी उपसून तासभर उघडं ठेवल्यावर तांबूस साय धरत असेल तर त्यात लोह आहे. ते पाणी वापरू नये, बिअरला रक्तासारखी चव येते.

८ जानेवारी – बॅच १, तुलनेसाठी, एन्झाइमशिवाय

पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली) २.७ किलो, जाडे पोहे ५०० ग्रॅम.

तांदळाचा स्टार्च माल्टच्या एन्झाइमना लागू पडायला आधी फुगून फुटावा लागतो, आणि तांदूळ त्यासाठी ७० अंशांच्या वरचं तापमान मागतो. मॅश मात्र ६० ते ६५ अंशांत. म्हणून कच्ची कणी थेट मॅशमध्ये टाकली तर बरीचशी तशीच बाहेर येते. पोहे करताना भात भिजतो, भाजला जातो आणि चेपला जातो, त्यामुळे स्टार्च बराचसा आधीच शिजलेला असतो. परदेशी पाककृतीत ज्याला तांदळाचे फ्लेक्स म्हणतात ते आपल्याकडे किराणा दुकानात पाच-पाच किलोच्या पिशवीत पडलेलेच असतात. पातळ पोहे नकोत, त्यांचा लगदा होतो आणि पिशवीची भोकं बुजतात. चाळून कोंडा काढायचा. नाकाजवळ धरून खवट वास येतो का बघायचं. आला तर ते पोहे कोंबड्यांना.

पोहे थेट मॅशमध्येही चालतात, तरी पेज केली. पाच लिटर पाणी, पोहे आणि मूठभर दळलेलं माल्ट, ७० अंशांना दहा मिनिटं. माल्टशिवाय पेज घट्ट होते आणि हमखास बुडाला लागते. माल्ट घातलं की पाच मिनिटांत पळीवरून पाण्यासारखी ओघळते, ही खूण. मग दहा मिनिटं उकळी.

याचा आणखी एक फायदा. मुख्य मॅश २३ लिटर पाण्यात ५६ अंशांना ठेवला आणि ९५ अंशांची पेज त्यात ओतली. ढवळल्यावर ६३ वर स्थिरावला. वेगळा जाळ लावावा लागला नाही.

६३ अंशांना ७५ मिनिटं, मग ७६. पिशवी निथळायला पाऊण तास. भात गिरणीतून मिळणारा तूस उकळून, धुऊन मूठ-दोन मूठ पिशवीत मिसळला असता तर वेळ वाचला असता. पोह्यांना टरफल नसतं, सगळा भार माल्टच्या टरफलावर येतो. पुढच्या बॅचपासून तूस.

मॅशचा पीएच ५.६. जरा जास्त, पण तुलनेच्या बॅचला तसाच सोडला.

हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं): मॅग्नम जात, १२ टक्के अल्फा आम्ल, ८ ग्रॅम ६० मिनिटं उकळीत. साझ जात १० ग्रॅम शेवटच्या १० मिनिटांना. अंदाजे १३ आयबीयू.

गार करणं ही इथली खरी कटकट. नळाचं पाणी २७ अंश, तांब्याच्या कॉइलने वॉर्ट (आंबवण्याआधीचा गोड रस) ३२ पर्यंतच उतरतं. पुढचं काम टबात पातेलं ठेवून बर्फाने. बर्फ मासळीवाल्यांकडचा, म्हणून तो फक्त बाहेरून. त्याचं पाणी झाकणावरसुद्धा उडू द्यायचं नाही. १८ अंशांपर्यंत फ्रिजने नेलं, त्याला सहा तास लागले. तेवढा वेळ फर्मेंटरचं तोंड फॉइलने बंद.

सुरुवातीची घनता १.०३६. यूएस-०५ या कोरड्या यीस्टची एक पुडी.

१० जानेवारी – बॅच २, माल्टच्या जागी साखर

माल्ट २.१ किलो, पोहे ५०० ग्रॅम, साधी साखर ३५० ग्रॅम उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत. बाकी सगळं बॅच १ सारखं.

हिशेबासाठी: २० लिटरला १ पॉइंट वाढवायला साखर ५२ ग्रॅम लागते. डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेटमध्ये (ग्लुकोजचे दाणे) जवळजवळ दहावा भाग पाणीच असतं, म्हणून ते ५७ ग्रॅम. औषधांच्या दुकानातली ग्लुकोजची पावडर घ्यायची नाही, त्यात चव, आम्ल किंवा क्षार मिसळलेले असतात. डेक्स्ट्रोजचा दर साखरेपेक्षा जास्त आणि यीस्टला फरक पडत नाही. यीस्ट साखरेचे दोन तुकडे स्वतःच करतं. एकूण साखरेच्या पाचव्या भागापर्यंत डेक्स्ट्रोजसाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही, असं आमचं मत.

गूळ नको. चांगला आहे, पण त्याची चव आणि रंग दोन्ही येतात, आणि इथे काहीच यायला नको आहे.

घनता १.०३६, बॅच १ इतकीच.

१९ जानेवारी – १ आणि २ चे आकडे

दोन्ही तीन दिवस स्थिर. वायू काढून, तापमानाची दुरुस्ती करून:

बॅच १: १.००६. अल्कोहोल ३.९ टक्के.
बॅच २: १.००४. अल्कोहोल ४.२ टक्के.

सहाशे ग्रॅम माल्ट काढून साखर घातली आणि मिळाले दोनच पॉइंट. हे अपेक्षितच होतं, पण बघून खात्री झालेली बरी. साखर स्वतः पूर्ण आंबते, आणि तिच्यापासूनचं अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने घनता किंचित आणखी खाली ओढते. पण माल्ट आणि पोह्यांमधून आलेले डेक्स्ट्रिन (स्टार्चचे न आंबणारे तुकडे) ती कापत नाही. ते आधी जेवढे होते त्या प्रमाणात तसेच राहतात. साखरेने डेक्स्ट्रिन पातळ होतात, नाहीसे होत नाहीत.

डेक्स्ट्रिन राहतात ते का, तर स्टार्चच्या साखळीला फांद्या असतात. माल्टमधलं बीटा अमायलेज टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पाडत येतं आणि फांदीच्या गाठीशी अडतं. अल्फा अमायलेज मधूनच कुठेही तोडतं, पण गाठ त्यालाही सुटत नाही. गाठ सोडवणारं लिमिट डेक्स्ट्रिनेज माल्टमध्ये असतं, पण ते थोडं आणि उष्णतेला नाजूक. मॅश कितीही नीट केला तरी गाठींच्या आजूबाजूचे तुकडे उरतात, यीस्टला ते खाता येत नाहीत, आणि तेच जिभेवर भरीवपणा म्हणून लागतात.

चव: बॅच १ चांगली, थोडी गोल. बॅच २ जास्त हलकी आणि जराशी पोकळ. सफरचंदाच्या सायडरसारखी चव येते अशी जी साखरेबद्दलची तक्रार असते ती आली नाही. ती बहुधा जुनं किंवा उपाशी यीस्ट आणि वाढलेलं तापमान यांची असते, साखरेच्या माथी उगाच मारली जाते. साखर एक चतुर्थांशाच्या वर गेली की वॉर्टमध्ये नायट्रोजन कमी पडतो, तिथून पुढे मात्र यीस्टचं खाद्य घालावंच लागतं.

२१ जानेवारी – एन्झाइम कोणतं

ग्लुकोअमायलेज, म्हणजेच अमायलोग्लुकोसिडेज. *अ‍ॅस्परजिलस नायजर* या बुरशीपासून मिळतं. साखळीच्या टोकाकडून एक-एक ग्लुकोज सोडवतं आणि गाठीसुद्धा सोडवतं, मात्र हळू. ५५ ते ६० अंशांत सर्वांत चपळ, पीएच ४ ते ५ आवडता, ७० च्या वर लवकर मरतं. आपल्याकडची बाटली ३०० युनिट प्रति मिलिलिटर क्षमतेची. फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर राहिली तर एका उन्हाळ्यात जोर जातो आणि मग डोस कुठलाच खरा राहत नाही.

बिअरमध्ये हे एन्झाइम वापरण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जोसेफ ओवेड्स यांनी त्यावर काम केलं आणि १९६७ मध्ये 'गॅब्लिंगर्स' ही कमी कर्बोदकांची बिअर बाजारात आली. ती चालली नाही, पण पुढच्या लाइट बिअर त्याच वाटेने आल्या. २०१७-१८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमधून पसरलेली ब्रूट आयपीए ही अगदी कोरडी बिअर हेच एन्झाइम वापरते.

काय घेऊ नये: औषधांच्या दुकानातल्या पचनाच्या गोळ्या. त्यात 'फंगल डायस्टेस' लिहिलेलं असतं आणि ते अमायलेजच असतं हे खरं. पण सोबत बहुधा पेप्सिन किंवा पपेन असतं, काहींत कोळसाही. पपेन प्रथिनं तोडतं. बिअर थंडीत गढूळ होऊ नये म्हणून पूर्वी कारखान्यांतून ते वापरलं जायचंच, पण डोस हातचा सुटला की फेसाची प्रथिनंही जातात आणि ग्लासात ओतल्यावर बिअर सोड्यासारखी बसते.

२२ जानेवारी – बॅच ३, एन्झाइम मॅशमध्ये

माल्ट आणि पोहे बॅच १ प्रमाणे, साखर नाही. पेज ओतून ६२ अंश झाले, खालपर्यंत ढवळलं, मग एन्झाइम ६ मिली. पेज ओतायच्या आधी एन्झाइम घातलं तर जिथे ९५ अंशांची धार पडते तिथलं मरतं. ६२ अंशांना ६० मिनिटं, मग ७६.

आयोडीनची चाचणी: जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून, पांढऱ्या बशीत वॉर्टचा थेंब. निळं-काळं झालं नाही. पण या चाचणीवर विसंबू नये. ती फक्त स्टार्च दाखवते, लहान डेक्स्ट्रिनना आयोडीन रंग देत नाही. आयोडीन शांत झालं म्हणजे रूपांतर झालं, कोरडेपणा आला असं नाही.

घनता १.०३६.

२ फेब्रुवारी

बॅच ३ संपली १.००३ वर. अल्कोहोल ४.३. अपेक्षा १.००० ची होती.

कारणं दोन दिसतात. पीएच ५.६ हा या एन्झाइमसाठी फार वर आहे. आणि गाठी सोडवण्याचं काम हळू चालतं, त्याला तासभर पुरत नाही. ६२ अंशही दोन अंश जास्तच, तिथे ते चालतं पण टिकत नाही.

वहीत कॅलरींचा हिशेब मांडला आणि जरा विचार करायला लागला. ३३० मिलीला, सुरुवात १.०३६ धरून: शेवट १.००६ असेल तर सुमारे १०८ कॅलरी, शेवट १.००० असेल तर सुमारे १०५. एवढाच फरक. कारण डेक्स्ट्रिनचं अल्कोहोल झालं, आणि अल्कोहोललाही कॅलरी असतातच. म्हणजे बिअर हलकी करायची तर सुरुवातीची घनता उतरवायची, कोरडी करायची तर शेवटची. एन्झाइम दुसरं काम करतं, पहिलं नाही. साखर दोन्हींपैकी कुठलंच नीट करत नाही. पुढच्या बॅचची सुरुवात १.०३४ वर आणायची.

४ फेब्रुवारी – बॅच ४, एन्झाइम फर्मेंटरमध्ये

माल्ट २.५ किलो, पोहे ५०० ग्रॅम, मॅश ६४ अंशांना तासभर, घनता १.०३४. गार झाल्यावर यीस्टबरोबरच ४ मिली एन्झाइम फर्मेंटरमध्ये. फ्रिज १८ अंशांना.

फर्मेंटरमध्ये पीएच ४.२ ते ४.५ वर उतरतो, तो एन्झाइमच्या आवडीचा. तापमान मात्र फार खाली, त्यामुळे काम मंद. पण वेळ अमर्याद, आणि उकळी नसल्याने त्याला थांबवणारंही कोणी नाही. इथेच गोम आहे.

१४ फेब्रुवारी – बॅच ४ बाटल्यांत

७ व्या दिवशी १.००२, ८ व्या दिवशी १.००१, १० व्या दिवशी १.००१. स्थिर धरली. १९ लिटरला १२० ग्रॅम साखर उकळून घातली, हिशेब २.५ व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइडचा (बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट वायू). ६५० मिलीच्या २८ काचेच्या बाटल्या आणि एक प्लॅस्टिकची सोड्याची बाटली. खोलीत, २९ ते ३० अंश.

२३ फेब्रुवारी – फुटल्या

रात्री दोन बाटल्या फुटल्या. क्रेटवर गोणपाट होता म्हणून काच खोलीभर उडाली नाही. सोड्याची बाटली दगडासारखी टणक, बुड फुगून गोल, उभी राहत नव्हती.

तोंडावर चष्मा, हातात चामड्याचे मोजे, ओल्या गोणपाटात गुंडाळून उरलेल्या सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. पूर्ण २४ तास गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. गार केल्यावर वायू बिअरमध्ये विरघळून दाब उतरतो. गरम बाटली हलवली तर तीच हातबॉम्ब होते.

२४ फेब्रुवारी – का फुटल्या

एका बाटलीतला वायू पूर्ण काढून मोजलं: ०.९९७. बाटलीत भरताना १.००१. म्हणजे बाटलीच्या आत चार पॉइंट आंबले. ढोबळ हिशेब असा की दोन पॉइंटला एक व्हॉल्यूम वायू. चार पॉइंटचे दोन, ठरवलेले अडीच, एकूण साडेचार. ३० अंशांना साडेचार व्हॉल्यूम म्हणजे बाटलीत पाच ते सहा बार दाब. नेहमीची बिअरची बाटली, त्यातून दोनदा-तीनदा वापरलेली, यासाठी नसते.

'स्थिर' का वाटली याची उत्तरं:

शेवटी शेवटी फांद्यांच्या गाठीच उरतात आणि त्या सोडवायला एन्झाइमला सर्वांत जास्त वेळ लागतो. १८ अंशांना एक पॉइंट उतरायला तीन-चार दिवस. हायड्रोमीटरवर रेघा दोन-दोन पॉइंटच्या. दोन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या वाचनात तो फरक डोळ्यांना दिसणंच शक्य नव्हतं. मग तीच बिअर १८ अंशांवरून ३० अंशांच्या खोलीत आली आणि एन्झाइम जागं झालं.

नेहमीच्या बिअरचा 'तीन दिवस स्थिर' हा नियम इथे लागूच पडत नाही. तो नियम यीस्टसाठी आहे.

यापुढे दोन गोष्टी. एक, ०.९९० ते १.०२० एवढ्याच टप्प्याचा बारीक हायड्रोमीटर. दोन, फोर्स टेस्ट: बॅच फर्मेंटरमध्ये घालतानाच २०० मिली वॉर्ट बाजूला काढून, त्यात अर्धा चमचा कोरडं यीस्ट आणि एन्झाइम फर्मेंटरमध्ये घालायचं असेल तर त्याचे दोन-तीन थेंब घालून, बाटली फॉइलने झाकून खोलीतच ठेवायची. दिवसातून चार-पाचदा हलवायची. तीन-चार दिवसांत शेवटचा आकडा कळतो. थंड गावांत यासाठी गरम पेटी करावी लागते, आपल्याकडे खोलीच ३० अंशांची. मुख्य बॅच त्या आकड्यावर पोचल्याशिवाय बाटलीत नाही, मग कितीही दिवस स्थिर दिसो.

फर्मेंटरच्या तळाचं यीस्ट टाकून दिलं. त्यात एन्झाइम आहे, पुढच्या बॅचला वापरलं तर तीही कोरडी होत जाईल. फर्मेंटर आणि नळी सोडियम परकार्बोनेटने धुऊन वर ८० अंशांचं पाणी.

२५ फेब्रुवारी – यीस्टबद्दल एक टीप

एन्झाइम न घालता तेवढीच कोरडी बिअर *डायस्टॅटिकस* यीस्टने होते. सेझोन बिअरची काही यीस्ट या प्रकारची असतात. त्यांच्यात एसटीए१ हे जनुक असतं आणि ती ग्लुकोअमायलेज स्वतःच बाहेर सोडतात. चव मिरीसारखी, इथे नको. शिवाय ते यीस्ट प्लॅस्टिकच्या नळीत, नळाच्या वॉशरमध्ये घर करून बसतं आणि पुढची प्रत्येक बॅच बाटलीत हळूहळू फुगवतं. एन्झाइम धुतलं की जातं, हे वाढत राहतं. वापरायचंच तर नळ्या आणि फर्मेंटर कायमचे वेगळे.

१ मार्च – बॅच ५

ठरलं: एन्झाइम मॅशमध्येच. उकळीत ते मरतं, म्हणून बाटलीत जे जाईल त्यात पुढे काही बदलणार नाही. फर्मेंटरमधली पद्धत १.००० च्याही तीन पॉइंट खाली जाते हे मान्य, पण काचेच्या बाटलीत भरणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. केगमध्ये (धातूच्या पिंपात) भरून थंड ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

पिल्सनर माल्ट २.२ किलो, गव्हाचं माल्ट १५० ग्रॅम, जाडे पोहे ५०० ग्रॅम, तूस दोन मुठी. गव्हाचं माल्ट फेसासाठी. बॅच ३ चा फेस दोन मिनिटांत बसला होता.

माल्टची पिशवी जानेवारीत फोडलेली. दाणा दाताखाली कुरकुरीत लागला, सादळलेला नाही. पावसाळ्यात असं चालणार नाही, तेव्हा झाकणाला रबर असलेल्या डब्यात. सादळलेला दाणा गिरणीत फुटत नाही, चेपतो, आणि उतारा कमी येतो.

मुख्य मॅश ५२ अंशांना, लॅक्टिक आम्लाने पीएच ५.२. आम्ल थेंबाथेंबाने, दर वेळी ढवळून आणि नमुना गार करून मोजायचं. गरम नमुन्यात मीटर खराबही होतो आणि आकडाही कमी दाखवतो. पेज ओतल्यावर ६०. एन्झाइम ६ मिली. पातेल्याभोवती गोधडी. तासाने ५८.५ झालं, मंद आचेवर ढवळत परत ६० वर. या वेळी जाळ मोठा केला तर बुडाजवळचं एन्झाइम जातं आणि थर्मामीटरला पत्ताही लागत नाही. एकूण १२० मिनिटं. मग ७२ ला १५ मिनिटं, ७७, पिशवी बाहेर. तुसामुळे निथळायला २० मिनिटं पुरली.

उकळीआधीच्या मापावरून शेवटी १.०३२ येईल असं दिसलं, दोन पॉइंट कमी. साखर १०४ ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत. साखरेचं खरं काम हे: घट भरून काढणं.

हॉप्स आधीप्रमाणेच. वॉर्टमध्ये या वेळी ग्लुकोजचं प्रमाण बरंच आहे. ग्लुकोज भरपूर असताना यीस्ट माल्टोज घेण्याची यंत्रणा बंद ठेवतं आणि ग्लुकोज संपल्यावर कधी कधी ती नीट सुरू करत नाही; मग बिअर १.०१० च्या आसपास अडकते. म्हणून ताजी पुडी आणि उकळीत यीस्टचं खाद्य २ ग्रॅम.

घनता १.०३४. फोर्स टेस्टची बाटली बाजूला.

२ मार्च

सकाळी पावणेतीन तास वीज नव्हती. फ्रिज १८ वरून २० वर. झाकण उघडलं नाही. एअरलॉकमध्ये (फर्मेंटरमधला वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप) चिलटं, पाणी बदलून त्यात थोडी व्होडका.

५ मार्च

फोर्स टेस्ट ०.९९८ दिसते, नमुना २८ अंशांना. दुरुस्त करून १.०००. उद्या परत.

६ मार्च

तीच. शेवटचा आकडा १.०००.

मुख्य बॅच १.००९, जोरात. फ्रिज २१ वर नेला.

१३ मार्च

मुख्य बॅच १.०००, बारीक हायड्रोमीटरवर. फोर्स टेस्टशी जुळली. तरी तीन दिवस थांबायचं, आणि फ्रिज बंद करून, म्हणजे जे काही उरलं असेल ते खोलीच्या तापमानाला आत्ताच बाहेर पडेल.

१६ मार्च – बाटल्या

१.०००, हलली नाही. अल्कोहोल ४.५ टक्के. ३३० मिलीला कॅलरी शंभराच्या आसपास.

बिअर २६ अंशांपर्यंत गेली होती, तेव्हा तिच्यात आधीच विरघळलेला वायू साधारण ०.७४ व्हॉल्यूम. १८ अंशांचा आकडा धरून साखर मोजली असती तर कमी पडली असती. लक्ष्य २.७, कारण अंग बारीक असलेल्या बिअरला बुडबुडे जास्त लागतात. लिटरला ७.५ ग्रॅम साखर, १९ लिटरला १४२ ग्रॅम. थोड्या पाण्यात उकळून गार करून, आधी बादलीत पाक, त्यावर नळीने बिअर, म्हणजे ढवळावं लागत नाही.

बाटल्या नव्या, जाड बुडाच्या. एक सोड्याची बाटली पुन्हा खूण म्हणून, अंगठ्याने दाबून बघायला. क्रेटवर गोणपाट आहेच.

२६ मार्च

सोड्याची बाटली टणक पण बुड सपाट. तीन दिवसांपासून त्यात फरक नाही. सगळ्या फ्रिजमध्ये.

३० मार्च – चाखून

रंग फिकट गवती, तळाशी गाळ घट्ट. फेस पाच मिनिटं टिकला, गव्हाच्या माल्टला गुण दिला पाहिजे. पहिल्या घोटाला बिस्किटासारखा धान्याचा हलका वास, मग काहीच उरत नाही, तोंड कोरडं. बॅच १ शेजारी ठेवून प्यायली तर तीच बिअर आता गोड लागते, आणि जानेवारीत ती कोणालाच गोड वाटली नव्हती.

कडवटपणा १३ आयबीयूचा हिशेब, पण जिभेला १८-२० सारखा वाटतो. मागे डेक्स्ट्रिन नसले की हॉप्स उघडे पडतात. पुढच्या वेळी मॅग्नम ६ ग्रॅम.

थंडीत किंचित धूसर. पोह्यांचं प्रमाण ७०० ग्रॅमवर नेऊन माल्टची प्रथिनं पातळ करून बघायची. मग पेजेला पाणी साडेसहा लिटर आणि मुख्य मॅश ५० अंशांपासून, म्हणजे ओतल्यावर ६० च्या वर जाणार नाही.

बॅच ४ च्या गार केलेल्या बाटल्यांपैकी २३ शिल्लक. झाकणं किंचित उचलून वायू सोडला, पुन्हा बंद केली, फ्रिजमध्येच ठेवल्या. एन्झाइम अजून जिवंत आहे, तेव्हा त्या खोलीत काढून ठेवू नयेत. फ्रिजच्या दारावर तशी चिठ्ठी लावली.